तंबूतले पाहुणे आणि आपली वही

(शेंडी येथे झालेल्या प्रभागसंघाच्या मासिक सभेत आमच्या क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेलं हे भाषण. ज्या सदस्यांना सभेला येता आलं नाही त्यांच्यासाठी छापत आहोत. गटाच्या पुढच्या बैठकीत एकीने मोठ्याने वाचावं आणि बाकीच्यांनी ऐकावं, ही विनंती.)



सभेच्या विषयपत्रिकेवर आजचा माझा विषय 'पर्यटन व्यवसायातील संधी' असा लिहिलाय. तो मीच लिहिलाय. पण खरं सांगू का, मी आज संधीबद्दल कमी आणि एका चुकीबद्दल जास्त बोलणार आहे. चूक माझी आहे. नुकसान मात्र तुमच्यातल्या पाच जणींचं झालं. त्या पाच जणी इथे बसल्यात. त्यांना विचारूनच हे सांगतेय. त्यांनी नाव घेऊ नको म्हटलंय, म्हणून घेत नाही.

आधी थोडं मागून सुरू करते.

आपल्या भागात पाहुणा काही नवा नाही. कळसूबाईला नवरात्रात माणूस येतच होता. रतनवाडीला अमृतेश्वराचं देऊळ बघायला, रतनगड चढायला, सांदण दरीत उतरायला मुलं येतच होती. पण तो पाहुणा सकाळी यायचा आणि संध्याकाळी जायचा. फार तर एक चहा आणि भजी घ्यायचा. आता पाहुणा रात्री राहायला येतो. तलावाच्या काठाला बघा, शनिवारी संध्याकाळी रांगेत तंबू दिसतात. पिवळे, निळे, हिरवे. हे साधे तंबू. त्यात गादी, उशी, पांघरूण, बाहेर शेकोटी आणि जेवण. आणि आता त्याच्या पुढचा प्रकार आलाय. त्याला 'ग्लॅम्पिंग' म्हणतात. ग्लॅमर आणि कॅम्पिंग हे दोन शब्द जोडून तो केलाय. म्हणजे राहायचं तंबूतच, पण तंबूत पलंग पाहिजे, आत संडास-न्हाणी पाहिजे, गरम पाणी पाहिजे, बाहेर लाकडी ओटा पाहिजे आणि त्यावर दोन खुर्च्या. काही ठिकाणी अर्ध्या नारळाच्या करवंटीसारखा गोल घुमट असतो आणि त्याला समोर काच. आत झोपून डोंगर बघायचा.

एक मावशी मला म्हणाली, "अगं, आम्ही जन्मभर पत्र्याच्या घरात झोपून डोंगरच बघतोय, आम्हाला कुणी एक रुपया दिला नाही." सगळ्या हसल्या. मी पण हसले. पण नंतर विचार केला, की मावशीचा प्रश्न बरोबरच आहे. शहरातला माणूस नक्की कशाचे पैसे देतो?

गादीचे देत नाही. गादी त्याच्या घरी आपल्यापेक्षा चांगली आहे. तो पैसे देतो अंधाराचे, कारण त्याच्याकडे अंधार राहिला नाही. तो पैसे देतो गप्प रात्रीचे, तलावावरच्या वाऱ्याचे, चुलीवरच्या भाकरीचे. मे महिन्याच्या शेवटापासून जूनच्या मध्यापर्यंत हिरड्याच्या, बेहड्याच्या, सादड्याच्या झाडांवर काजवे लागतात, त्याचे पैसे देतो. यातलं तंबूवाल्याने काय आणलं? तंबू आणला, जाहिरात आणली आणि गिऱ्हाईक आणलं. तेही सोपं नाही, ते मी मानते. पण बाकीचं सगळं इथलंच आहे.

आणि हा पाहुणा वाढणारच आहे. ५ जून २०२५ ला समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा सुरू झाला. मुंबईची गाडी इगतपुरीला लवकर पोचते आणि घोटीवरून आपल्याकडे वळते. म्हणून आज हे बोलायचं.

आता ती चूक.

यंदा जूनच्या पहिल्या आठवड्यात एका तंबूवाल्याचा मला फोन आला. शनिवारी चाळीस पाहुणे आहेत, काजवे बघायला येणार आहेत, गटाकडून संध्याकाळचं जेवण मिळेल का? मला इतका आनंद झाला! मी मनात म्हटलं, हेच तर आपण कॉलेजात शिकलो, बाजारपेठ जोडणी. मी लगेच गटातल्या पाच जणींना विचारलं. त्या तयार झाल्या. ताटाचा दर त्याने सांगितला, एकशेवीस रुपये. नागलीची भाकरी, पिठलं, हुलग्याची आमटी, भात, खुरासणीची चटणी आणि गोड म्हणून गूळ घातलेली लापशी. एका ताईने विचारलं, "ॲडव्हान्स?" मी म्हटलं, "राहू द्या ताई, ओळखीचा माणूस आहे, पहिल्याच वेळी मागणं वाईट दिसतं."

हे वाक्य लक्षात ठेवा. पुढचं सगळं त्या वाक्याने झालं.

एका ताईने गटातून तीन हजार अंतर्गत कर्ज उचललं आणि किराणा भरला. शनिवारी सकाळी अकरापासून पाचही जणी कामाला लागल्या. घरचं आवरूनच आलेल्या. घरचं झालं थोडं आणि व्याह्याने धाडलं घोडं, तसंच ते. सव्वाशेच्या आसपास भाकऱ्या थापल्या. दुपारी चारला आभाळ भरून आलं आणि जो पाऊस लागला तो रात्री नऊपर्यंत थांबला नाही. चाळीसातले चौदाच पाहुणे आले. बाकीच्यांनी वाटेतून गाड्या फिरवल्या, काही निघालेच नाहीत. तंबूवाल्याने चौदा ताटांचे पैसे दिले आणि म्हणाला, "मावशी, माझं पण नुकसान झालंय." रात्री सोडायला येणारा पिकअप साडेअकराला आला. तोपर्यंत पाच जणी एका ताडपत्रीखाली, उरलेल्या भाकऱ्यांची टोपली मध्ये घेऊन बसल्या होत्या.

सोमवारी मी गेले. त्यांनी मला एका शब्दाने बोललं नाही. चहा दिला. ते जास्त लागलं. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

मग आम्ही वही काढली. आणि इथून पुढचं नीट ऐका, कारण आकडे आहेत. ज्यांच्याकडे पेन आहे त्यांनी लिहून घ्या.

किराणा, भाजी, पीठ मिळून २६०० रुपये. गॅस आणि लाकूड ३०० रुपये. पिकअपचे ३०० रुपये. एकूण खर्च ३२०० रुपये. मिळाले किती? चौदा गुणिले एकशेवीस, १६८० रुपये. म्हणजे खिशातून गेले १५२० रुपये. आणि पाच बायकांचे अकरा-बारा तास फुकट.

आता मला वाटलं होतं, की पावसामुळे नुकसान झालं. पाऊस नसता तर फायदा झाला असता. म्हणून आम्ही दुसरा हिशेब मांडला. समजा चाळीसच्या चाळीस आले असते तर? ४८०० रुपये आले असते. त्यातून खर्च ३२०० वजा. राहिले १६००. भागिले पाच. प्रत्येकीला ३२० रुपये, सकाळी अकरा ते रात्री दहा, अकरा तासांचे. २०२५-२६ मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. म्हणजे सगळं अगदी सुरळीत झालं असतं, एक थेंब पाऊस नसता, तरी आपण खड्डे खणायच्या मजुरीपेक्षा आठ रुपये जास्त मिळवणार होतो. त्यात चूल आपली, भांडी आपली, जोखीम आपली. आणि याला आपण व्यवसाय म्हणत होतो.

हे बघून आम्ही सगळ्या गप्प झालो.

मग एका ताईने विचारलं, "तो पाहुण्याकडून किती घेतो?" मी तंबूवाल्याची जाहिरात मोबाईलवर दाखवली. एका रात्रीचे माणशी १५०० रुपये. चाळीस माणसांचे ६०,००० रुपये. त्यात आपल्या जेवणाचे ४८००. रुपयातले आठ पैसे. मी असं म्हणत नाही की उरलेले ब्याण्णव पैसे तो खिशात घालतो. त्याला तंबू घ्यावे लागतात, ते पावसात कुजतात, पोरांना पगार द्यावा लागतो, जनरेटर लागतो, बुकिंग करून देणाऱ्या कंपनीला कमिशन जातं. पण पाहुणा घरी जाऊन शेजाऱ्याला काय सांगतो? "भाकरी काय मस्त होती!" गादीचं कुणी सांगत नाही. तर त्या भाकरीला रुपयात आठ पैसे, हे बरोबर आहे का, हे आपण ठरवायचं. त्याने नाही.

म्हणून त्याच दिवशी आम्ही ताटाचा खरा दर काढला. कसा काढला ते सांगते, म्हणजे प्रत्येक गटाला आपापला काढता येईल. खर्च ३२०० रुपये. पाच बायकांची मजुरी, प्रत्येकी ५०० प्रमाणे २५०० रुपये. भांड्यांची झीज आणि नासधूस म्हणून ३०० रुपये. झाले ६०००. गटाच्या निधीत टाकायला ४०० रुपये. एकूण ६४००. भागिले चाळीस. एका ताटाचे १६० रुपये. तंबूवाल्याला प्रत्येक पाहुण्यामागे चाळीस रुपये जास्त द्यावे लागतील. पंधराशेत चाळीस. त्याने तो मोडणार नाही. आणि मोडत असेल, तर त्याचा धंदा आपल्या फुकटच्या कष्टावर उभा होता असा त्याचा अर्थ.

बायांनो, आपण पंचसूत्री रोज म्हणतो. नियमित बैठक, नियमित बचत, नियमित अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड, नियमित लेखे. कुणाची महिन्याची शंभर रुपयांची बचत राहिली तर आपण तिचं नाव लाल पेनाने लिहितो. आणि ४८०० रुपयांची ऑर्डर आपण फोनवर घेतली, एका ओळीची नोंद न करता! पाचवं सूत्र गटापुरतं पाळलं, धंद्यात विसरलो. तुम्ही विसरलात असं मी म्हणत नाही. मी विसरले. त्या ताईने ॲडव्हान्सचं विचारलं होतं. तिला धंदा कळत होता, पदवी माझ्याकडे होती, म्हणून ती गप्प बसली. यापुढे गप्प बसू नका. माझ्यापुढे पण नाही.

त्या गटाने आता चार नियम केलेत. ते मी वाचून दाखवते.

पहिला, दर गट ठरवणार, वही बघून. दुसरा, अर्धे पैसे तीन दिवस आधी खात्यावर. गटाच्या खात्यावर, कुणाच्या नवऱ्याच्या मोबाईलवर नाही. तिसरा, ताटांचा पक्का आकडा शुक्रवारी दुपारी बारापर्यंत. त्यानंतर पाहुणे कमी आले तरी ठरलेल्या ताटांचे पैसे द्यायचे. चौथा, रात्री दहाला काम बंद, आणि घरापर्यंत सोडायची गाडी आधी दाखवायची. आणि गाडी येईपर्यंत बसायला उजेडाची, दार असलेली जागा आणि बायकांसाठी संडास. हे मागायला लाजू नका. पाहुण्याच्या तंबूत काचेचा संडास असतो आणि त्याचं जेवण रांधणारी बाई अंधारात झाडामागे जाते, हे चालायचं नाही.

हे नियम त्यांनी एका कागदावर लिहून तीन तंबूवाल्यांना दिले. दोघांनी नाही म्हटलं. एकाने हो म्हटलं. दोघांनी नाही म्हटलं त्या दिवशी मला परत धाकधूक झाली, की माझ्यामुळे यांचं होतं तेही गेलं. पण जुलै आणि ऑगस्टमध्ये त्या एकाकडून चार ऑर्डरी झाल्या आणि चारही वेळा पैसे आधी आले. दीड हजाराचा तो खड्डा भरून निघालाय. अंतर्गत कर्जही फिटलंय. एवढंच. लाखो कमावले असं काही नाही. पण कुणी फुकट राबलं नाही.

आता दुसरा विषय, जमिनीचा. हा जेवणापेक्षा मोठा आहे.

आपल्यातल्या एका ताईची वीस गुंठे जमीन पाण्याच्या बाजूला आहे. शहरातून एक जण आला. म्हणाला, अकरा महिन्यांचा करार करू, स्टॅम्प पेपरवर, तुम्हाला घरबसल्या पैसे. नवऱ्याचा कल होता. ताईने तो कागद घेतला आणि ग्रामसंघाच्या बैठकीत आणला. शाबास तिची!

लक्षात ठेवा. आदिवासीची जमीन बिगर आदिवासीला परवानगीशिवाय विकता तर येत नाहीच, पण भाड्याने द्यायची म्हटली तरी जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचं कलम ३६ आणि ३६-अ त्यासाठीच आहे. पाच वर्षांपर्यंतच्या भाडेपट्ट्याला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, त्याहून मोठ्या व्यवहाराला त्यावर राज्य सरकारचीही मान्यता. नुसत्या स्टॅम्प पेपरवर सही केली की झालं, असं कुणी सांगत असेल तर तो एक तर कायदा जाणत नाही, नाही तर तुम्ही जाणत नाही असं समजतो. शिवाय तलावाच्या काठाची जी जमीन धरणासाठी संपादित झाली ती जलसंपदा विभागाची, आणि अभयारण्यातली जंगलाची जमीन वन विभागाची. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य १९८६ पासून आहे. त्या जागेवर तंबू ठोकून 'माझी जागा' म्हणणाऱ्याकडे कागद विचारा.

आणि घरी जाऊन सातबारा काढा. त्यावर तुमचं नाव आहे का बघा. नसेल तर जमिनीचा निर्णय होताना तुम्हाला चहा ठेवायला सांगतील, सही करायला नाही.

मी जमीन देऊच नका असं म्हणत नाही. पण कागद आधी ग्रामसंघात आणा, एकीने नाही तर दहा जणींनी वाचा.

हे मी इतकं का सांगते? आपल्या समोर धरण आहे म्हणून. १९१० मध्ये काम सुरू झालं आणि १९२६ मध्ये पुरं झालं. आता शंभर वर्षं झालीच म्हणा. मुंबईचे गव्हर्नर विल्सन साहेब यांचं नाव त्याला दिलं. प्रवरा आपल्या रतनगडावर उगम पावते, पाऊस आपल्या घाटघरला पडतो, ११ टीएमसी पाणी आपल्या डोंगरांत साठतं. ते पाणी कालव्यांनी खाली गेलं आणि खालच्या तालुक्यांत ऊस उभा राहिला. प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना झाला, मोठी गावं झाली, शाळा-कॉलेजं झाली. त्यांचं चांगलं झालं, त्याबद्दल वाईट वाटायचं कारण नाही. पण आपल्या किती वाड्यांत एप्रिल-मे महिन्यात बाया हंडा घेऊन उतरतात, ते मी तुम्हाला सांगायला नको. तुमच्याच डोक्यावर तो हंडा असतो.

पाणी गेलं तेव्हा आपल्या पणज्यांना कुणी विचारलं नव्हतं. त्यांना लिहिता येत नव्हतं, त्यांचा गट नव्हता, ग्रामसंघ नव्हता. आता तलावाचा काठ, अंधार आणि काजवे विकले जातायत. या वेळी आपल्याकडे वही आहे. या वेळी पण नुसतं बघत राहिलो, तर दोष दुसऱ्याला देता येणार नाही.

आता काजव्यांचं थोडं. तुम्ही म्हणाल, पोरगी आम्हाला काजवे शिकवते. तुम्हाला काजवा माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. पण एक गोष्ट धंद्याच्या दृष्टीने बघा. काजवा चमकतो तो मादीला बोलवायला. ती खालून उत्तर देते. जिथे मोटारीचे दिवे, बॅटऱ्या, मोबाईलचे फ्लॅश असतात तिथे त्यांना एकमेकांचा उजेडच दिसत नाही. मग अंडी नाहीत. काजव्याची अळी कितीतरी महिने ओल्या मातीत, पाल्यात राहते, गोगलगायी खाते. पंख फुटल्यावर तो थोडे आठवडेच जगतो. आपण त्या झाडाखालची माती गाड्यांनी दाबली, पाला जाळला, तर पुढच्या वर्षी काय दाखवणार? पाहुणा दुसरीकडे जाईल. आपण इथेच राहणार.

म्हणून गावाने नियम करायचे. झाडापासून लांब गाड्या उभ्या, पुढे चालत. बॅटरीला लाल कागद, तीही जमिनीकडे. स्पीकर नाही. बाटल्या आणि प्लास्टिक ज्याने आणलं त्याने परत न्यायचं. आपला बराच भाग पेसा क्षेत्रात येतो. पेसा गावात ग्रामसभेला आपल्या साधनसंपत्तीबद्दल ठरवायचा अधिकार आहे, दारूबद्दलही आहे. वन विभागही काजव्यांच्या दिवसांत अभयारण्यातल्या रात्रीच्या प्रवेशावर नियम लावतो. पण विभागाचा एक माणूस किती झाडांखाली उभा राहणार? ग्रामसभेत ठराव मांडायला बायांनी हात वर केला तर होईल. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायची असते, ती घ्या, आणि तिथला ठराव लेखी द्या.

शेवटचा विषय. गेल्या महिन्यापासून तुम्ही मला विचारताय, "ताई, आपणच पाच तंबू का लावू नयेत?"

लावता येतील. मी घाबरवत नाही आणि हवेतही उडवत नाही. आपल्या अकोले तालुक्यातच पुरुषवाडी आहे. तिथे गेली कितीतरी वर्षं पाहुणे येतात, गावकऱ्यांच्या घरी जेवतात, गावातली माणसंच त्यांना शेत आणि काजवे दाखवतात, काम घराघरांत वाटलेलं असतं. तिथे काचेचा घुमट नाही, तरी माणसं येतात. कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे आपल्याच तालुक्यातल्या. त्यांनी घरात गावठी बियाणं जपलं आणि २०२० मध्ये पद्मश्री मिळवली. जे आपल्याला रोजचं वाटतं त्याची किंमत बाहेरच्याला कळते, हे त्यांनी दाखवलं. काळभात, वरई, नागली, रानभाज्या. हे ताटात ठेवा आणि त्याचं नाव पाहुण्याला सांगा. पनीरची भाजी त्याला घरी मिळते.

सरकारच्या योजनाही आहेत. पर्यटन विभागाचं महिलांसाठीचं 'आई' धोरण २०२३ मध्ये आलं. त्यात महिलेच्या मालकीच्या पर्यटन व्यवसायाला १५ लाखांपर्यंतच्या बँक कर्जावरचं व्याज ठरावीक मर्यादेत सरकार परत करतं. ऐकायला गोड आहे. पण नीट ऐका. परत मिळतं ते व्याज, मुद्दल नाही. व्याजही आधी आपण बँकेत भरायचं, मग परतावा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, बँकेचा हप्ता दर महिन्याला येतो. पाहुणा फक्त शनिवार-रविवारी येतो, तोही काजव्यांच्या दिवसांत, धबधब्यांच्या दिवसांत आणि थंडीत. मार्चमध्ये, ऐन उन्हात, हप्ता कशातून भरायचा? याचं उत्तर वहीत लिहिता आलं तर कर्ज घ्या. नाही आलं तर थांबा.

माझा सल्ला असा. पहिलं वर्ष फक्त जेवण. ज्या गटाला स्वयंपाक करायचा त्याने अन्न सुरक्षा नोंदणी करून घ्यायची. छोट्या व्यवसायाला नोंदणीचं सरकारी शुल्क २०२५ मध्ये वर्षाला १०० रुपये होतं. एजंटाला हजार देऊ नका, मी भरून देते. दुसऱ्या वर्षी, एखाद्या सदस्याच्या घराची एक खोली, स्वच्छ संडास, धुतलेल्या चादरी, एका वेळी चार पाहुणे. तिसऱ्या वर्षी वही काय सांगते ते बघून तंबू. काचेचा घुमट लाखाच्या घरात जातो. तो घ्यायची घाई नको. काच पुसायची पण आपल्यालाच.

काही जणींना हे सावकाश वाटेल. शेजारचा तंबूवाला एका हंगामात वीस तंबू लावतो, आपण तीन वर्षं काय करणार, असं वाटेल. पण तो तोट्यात गेला तर तंबू गुंडाळून दुसऱ्या तलावाला जाईल. आपल्याला जायला दुसरं गाव नाही. ज्याला परत जायचं नसतं त्याने हळूच चालावं.

पाऊस सरत आलाय. दिवाळीपासून पुन्हा गर्दी सुरू होईल. त्याआधी प्रत्येक गटाने तीन कामं करायची. आपल्या ताटाचा खरा दर काढून वहीत लिहायचा, मजुरी धरून. घरचा सातबारा काढून बघायचा. आणि ग्रामसभेसाठी एक ठराव लिहायचा. पुढच्या सभेत मी प्रत्येक गटाची वही बघणार आहे. आणि माझी पण वही तुम्ही बघायची. त्यात पहिल्या पानावर मी १५२० रुपये असं लिहून ठेवलंय, लाल पेनाने.

त्या पाच जणींपैकी एकीने मला काल विचारलं, "ताई, त्या दिवशीच्या उरलेल्या भाकऱ्यांचं काय झालं, ते सांगणार का भाषणात?" सांगते. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी त्या वाडीत घरोघरी वाटल्या. चटणीसकट. कुणाच्याच घरी त्या दिवशी सकाळी चूल लागली नाही. त्या ताई म्हणाल्या, "अन्न वाया गेलं नाही, तेवढं बरं झालं. फक्त कष्ट वाया गेले."

ते पुन्हा जाऊ द्यायचे नाहीत. एवढंच सांगायचं होतं.